तांबड्या पेशीत केंद्रकच नाही, मग हिमोग्लोबिन तयार होते कसे?

गोमाईकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. मी शहादा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. मागच्या पंधरवड्यात दहावीच्या वर्गात आनुवंशिकता शिकवताना एका विद्यार्थिनीने विचारलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे मला जागच्या जागी देता आली नाहीत. घरी येऊन पुस्तके चाळली, तरी समाधान झाले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

आमच्या भागात, विशेषतः सातपुड्याच्या पायथ्याच्या आणि वरच्या गावांतील भिल्ल, पावरा कुटुंबांत, मुलांना ‘प्रतिलेखन’ आणि ‘भाषांतरण’ हे शब्द कळण्याच्या कितीतरी आधी ‘सिकलसेल’ हा शब्द कळलेला असतो. काहींच्या दप्तरात तपासणीचे कार्डही असते. (एका शिबिरात ही कार्डे मुलांच्या हातात नुसतीच ठेवली गेली आणि त्यांवर काय लिहिले आहे ते सांगायला कुणी थांबले नाही, तो राग वेगळा, इथे काढत नाही.) त्यामुळे जनुकापासून प्रथिन कसे तयार होते हे शिकवायला मी दरवर्षी हेच उदाहरण घेतो. डीएनएत एक अक्षर बदलते, त्यामुळे हिमोग्लोबिनच्या साखळीत एक अमिनो आम्ल बदलते, आणि प्राणवायू कमी पडला की गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, इतके सांगून मी पुढे जात असे.

या वेळी पुढे जाता आले नाही. ती म्हणाली, “सर, तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसते असे तुम्हीच शिकवले. डीएनए केंद्रकात असतो. मग ज्या पेशीत डीएनएच नाही, तिच्यात हे चुकीचे हिमोग्लोबिन कुणाच्या सांगण्यावरून तयार होते?” वर्ग गप्प झाला, आणि खरे सांगायचे तर मीही.

दुसरा प्रश्न तिने तास संपल्यावर विचारला. तिच्या एका नातेवाइकाची डीएनए तपासणी मोठ्या शहरात झाली होती. त्या अहवालात बदल सातव्या अमिनो आम्लात झाल्याचे लिहिले आहे, आणि माझ्या टिपणात, तसेच मी पाहिलेल्या प्रत्येक पुस्तकात, तो सहाव्या जागी आहे. दोघांपैकी चुकले कोण?

पांझराकाठची

सर, मी धुळ्यात रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. तुमच्या विद्यार्थिनीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी आठवड्यातून तीन-चार वेळा तरी सूक्ष्मदर्शकाखाली पाहते, म्हणून ते मीच लिहिते.

रक्तातली पूर्ण वाढलेली तांबडी पेशी नवे हिमोग्लोबिन तयार करतच नाही. तिच्यात जे आहे ते आधीच भरून ठेवलेले असते. हे भरण्याचे काम हाडांच्या मगजात होते. तिथे या पेशीची जी बालावस्था असते, तिला व्यवस्थित केंद्रक असते, केंद्रकात डीएनए असतो, आणि बीटा साखळीचे (हिमोग्लोबिनच्या दोन प्रकारच्या साखळ्यांपैकी एकीचे) जनुक तिथे जोरात वाचले जाते. त्या जनुकाच्या आरएनए-प्रती पेशीत भरपूर साठल्या की पेशी आपले केंद्रक बाहेर टाकते आणि शेजारची भक्षक पेशी ते गिळून टाकते. केंद्रक गेले तरी त्या प्रती आणि त्या वाचणारे रायबोझोम मागे राहतात. ग्लोबिनच्या आरएनए-प्रती बऱ्याच टिकाऊ असतात, त्यामुळे केंद्रक गमावलेली पेशीही आणखी दोन-तीन दिवस हिमोग्लोबिन बनवत राहते. लग्नघरातला आचारी निघून गेला, तरी त्याने लिहून ठेवलेल्या चिठ्ठीवरून मदतनीस आणखी दोन पंगती उठवतात, तसेच हे.

या मधल्या अवस्थेतील पेशीला रेटिक्युलोसाइट म्हणतात आणि ती डोळ्यांनी पाहता येते. रक्ताचे थेंब आणि न्यू मिथिलिन ब्लू नावाचे रंगद्रव्य एका छोट्या नळीत मिसळायचे, ३७ अंशांवर पंधरा-वीस मिनिटे ठेवायचे आणि मग काचेवर पातळ थर ओढायचा. बहुतेक पेशी फिकट हिरवट-निळ्या, कोऱ्या दिसतात. पण अधूनमधून अशी एक पेशी सापडते की जिच्या पोटात गडद निळ्या धाग्यांचे विस्कटलेले जाळे असते, जणू कुणी शाईत बुडवलेला दोरा गुंडाळून टाकला आहे. ते जाळे म्हणजे उरलेल्या रायबोझोमांचा आरएनए. मगजातून रक्तात आल्यावर साधारण दिवसभरात तो मोडीत निघतो, जाळे नाहीसे होते आणि पुढचे सुमारे १२० दिवस पेशी आहे त्या साठ्यावर काढते. तो साठाही लहान नसतो, कारण एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात.

निरोगी प्रौढ माणसाच्या शंभर तांबड्या पेशींत अशी जाळीवाली पेशी एखाद-दुसरी असते. सिकलसेलच्या रुग्णात मात्र ती दहा-पंधराही सापडतात, कारण त्यांच्या पेशी दहा-वीस दिवसांतच फुटतात आणि मगजाला घाईघाईने नव्या पेशी पाठवाव्या लागतात. शाळेची सहल धुळ्याकडे आली तर मुलांना जरूर दाखवीन.

गिरणाकाठचे नाना

पांझराकाठच्या ताईंनी पहिला प्रश्न निकालात काढला आहे. मला दुसरा अधिक आवडला, कारण तो सोडवताना सगळी प्रक्रिया आपोआप उलगडत जाते. मी पूर्वी महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवत असे, त्यामुळे लांबण लागेल. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

हिमोग्लोबिनच्या एका रेणूत चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. अल्फाची जनुके आपल्या सोळाव्या गुणसूत्रावर आहेत आणि बीटाचे अकराव्यावर. बीटाचे जनुक सुमारे सोळाशे अक्षरांचे आहे, पण प्रथिनाचा मजकूर त्यातल्या केवळ ४४४ अक्षरांत लिहिलेला आहे आणि तोही सलग नाही. तो तीन तुकड्यांत आहे, आणि त्या तुकड्यांच्या मध्ये इंट्रॉन नावाचे दोन लांब पट्टे आहेत. केंद्रकात प्रतिलेखन होते तेव्हा या सगळ्याची जशीच्या तशी आरएनए-प्रत उतरते. मग मधले दोन पट्टे कापून टाकले जातात, टोके नेमकी जुळवली जातात आणि ही दुरुस्त प्रत केंद्रकाबाहेर जाते. शाळेत आपण हा कापाकापीचा टप्पा सहसा गाळतो. तो गाळू नये असे माझे मत आहे, कारण ही जुळणी एका अक्षराने जरी सरकली तरी पुढचे सगळे वाचन बिघडते; थॅलेसेमियाचे, म्हणजे हिमोग्लोबिन पुरेसे तयार न होण्याच्या आनुवंशिक आजाराचे, कित्येक प्रकार नेमके इथल्या चुकीमुळेच होतात.

बाहेर आलेल्या प्रतीत प्रथिनाच्या मजकुराची सुरुवात अशी आहे: ए-यू-जी, जी-यू-जी, सी-ए-यू, सी-यू-जी, ए-सी-यू, सी-सी-यू, जी-ए-जी, जी-ए-जी, ए-ए-जी. रायबोझोम ती तीन-तीन अक्षरांनी वाचतो, मध्ये जागा नाही, स्वल्पविराम नाही. ए-यू-जी म्हणजे ‘इथून सुरू करा’ आणि त्याच वेळी मेथिओनिन हे अमिनो आम्ल. त्यापुढे क्रमाने व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, ग्लुटामिक आम्ल, पुन्हा ग्लुटामिक आम्ल, लायसिन. आता सरांनी बोटांवर मोजावे: पहिले ग्लुटामिक आम्ल सातवे येते. सिकलसेलमध्ये बदलते ते हेच. जी-ए-जीचे जी-यू-जी होते आणि ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसते.

मग पुस्तकातले सहा आले कुठून? साखळी वीस-तीस अमिनो आम्लांइतकी लांब झाली की तिच्या टोकाचे मेथिओनिन कापून टाकले जाते. म्हणून जनुकावरून मोजले तर १४७ अमिनो आम्ले येतात आणि प्रत्यक्ष रक्तातल्या साखळीत १४६ भरतात. जुन्या काळी जनुक वाचण्याची सोयच नव्हती. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवले की सिकलसेलच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगळ्या गतीने सरकते. पुढे केंब्रिजमध्ये व्हर्नन इनग्रॅम यांनी ते प्रथिन बारीक तुकड्यांत तोडून १९५६-५७ मध्ये फरक केवळ एका अमिनो आम्लाचा आहे हे शोधले. रक्तातून काढलेल्या प्रथिनात मेथिओनिन नसतेच, त्यामुळे मोजणी व्हॅलिनपासून झाली आणि सहा हा आकडा रूढ झाला. नवा अहवाल जनुकावरून मोजतो, म्हणून तो सात म्हणतो. चुकले कुणीच नाही.

त्या टोकावरच्या व्हॅलिनची ओळख आपल्यापैकी पुष्कळांना नकळत झालेली आहे. मधुमेहासाठी एचबीएवनसी तपासतात तेव्हा बीटा साखळीच्या याच पहिल्या व्हॅलिनला किती साखर चिकटली आहे हे मोजतात. मेथिओनिन जागेवर राहिले असते तर हे व्हॅलिन साखरेला मोकळे सापडलेच नसते.

आता या अक्षरांचे अमिनो आम्लांत भाषांतर करतो कोण, हा खरा मुद्दा. आपण सहज म्हणून जातो की रायबोझोम भाषांतर करतो. माझ्या मते हे अर्धेच खरे आहे. बाजार समितीत माल उतरवताना हमालाच्या हातातली चिठ्ठी पाहून पोते कुठे टाकायचे ते सांगतात. पाठीवरचे पोते कुणी उघडून पाहत नाही. रायबोझोम तसाच वागतो. टी-आरएनए हा हमाल एका टोकाला तीन अक्षरांची चिठ्ठी आणि दुसऱ्या टोकाला अमिनो आम्ल घेऊन येतो. संदेशवाहक आरएनएच्या, म्हणजे केंद्रकाबाहेर आलेल्या त्या प्रतीच्या, तीन अक्षरांशी चिठ्ठी जुळली की रायबोझोम माल उतरवून घेतो आणि साखळीला जोडतो. १९६२ साली एक सुरेख प्रयोग झाला. टी-आरएनएवर सिस्टीन चढल्यावर रासायनिक प्रक्रियेने त्या सिस्टीनचे अ‍ॅलनिन करून टाकले, म्हणजे चिठ्ठी सिस्टीनची आणि पोत्यात अ‍ॅलनिन. रायबोझोमने बिनदिक्कत सिस्टीनच्या जागी अ‍ॅलनिन बसवले. तेव्हा कोणत्या चिठ्ठीवर कोणता माल चढवायचा हे ठरवणारी जी विकरे आहेत, तीच खरी दुभाषी. प्रत्येक अमिनो आम्लासाठी ती वेगळी असतात आणि चुकीचा माल चढला तर बहुधा स्वतःच उतरवून टाकतात.

या संकेताचा शब्दकोश उलगडण्यात आपल्याकडच्या हर गोविंद खोराना यांचा मोठा वाटा आहे. ठरावीक अक्षरे आलटून-पालटून येणारा आरएनए त्यांनी प्रयोगशाळेत घडवला आणि त्यातून कोणती अमिनो आम्ले येतात ते पाहिले. १९६८ चे नोबेल त्यांना मार्शल निरेनबर्ग आणि रॉबर्ट हॉली यांच्यासह मिळाले. रायबोझोमची रचना अणूंच्या पातळीवर उलगडल्याबद्दल २००९ चे नोबेल मिळवणाऱ्या तिघांपैकी वेंकटरामन रामकृष्णन यांनी पदवी घेतली ती बडोद्याच्या विद्यापीठात, तीही भौतिकशास्त्राची. नंदुरबारहून काही तासांवरचे गाव, म्हणून मुलांना मुद्दाम सांगावे.

हतनूर

नानांचा प्रतिसाद दोनदा वाचला. एक शंका आहे. हे सगळे एका वाक्यात असे म्हणता येणार नाही का की डीएनए मालक आहे आणि पेशीतले बाकी सगळे त्याचे हुकूम पाळतात? विद्यार्थ्यांना इतके पुरेसे व्हावे.

गिरणाकाठचे नाना

भाऊ, मालक म्हटले की पंचाईत होते. डीएनए स्वतः काहीच करत नाही. तो वाचायला जे आरएनए पॉलिमरेज लागते ते स्वतः एक प्रथिन आहे, आणि त्या प्रथिनाचा मजकूर पुन्हा डीएनएतच लिहिलेला आहे. बरे, रायबोझोमच्या पोटात दोन अमिनो आम्लांना जोडण्याची प्रत्यक्ष क्रिया कोणतेही प्रथिन करत नाही, ती रायबोझोमचा आरएनए करतो. यात मालक कुणाला म्हणणार? फ्रान्सिस क्रिक यांनी १९५८ साली जे सूत्र मांडले ते मालकीचे नव्हतेच, ते मजकुराच्या वाटेचे होते: अक्षरांचा क्रम एकदा प्रथिनात उतरला की प्रथिनावरून तो परत आरएनएत किंवा डीएनएत लिहिता येत नाही.

विद्यार्थ्यांसाठी मी त्याऐवजी एवढेच सुचवीन की पेशीत जनुक असणे आणि त्या पेशीत प्रथिन तयार होणे या दोन वेगळ्या गोष्टी मानाव्यात. ताईंच्या रेटिक्युलोसाइटमध्ये जनुक नाही आणि प्रथिन तयार होते आहे. तुमच्या-माझ्या त्वचेच्या पेशीत बीटा ग्लोबिनचे जनुक अक्षर न् अक्षर शाबूत आहे आणि प्रथिन मात्र तयार होत नाही.

कापूसवाला, चोपडा

मी विज्ञान बारावीपर्यंत शिकलो, पुढे शेती. नानांच्या शेवटच्या परिच्छेदावरून माझा जुना प्रश्न वर आला. धाग्याच्या विषयाला तो लागून आहे असे वाटते, नसल्यास दुर्लक्ष करावे.

आमच्याकडे बागायती कापूस मे महिन्याच्या अखेरीस लागतो. बियाणे बीटीचे, म्हणजे अळीला मारणारे प्रथिन तयार करणारे एका जिवाणूचे जनुक त्यात घातलेले आहे असे सांगतात. माझी पहिली शंका ही की जिवाणूची भाषा कपाशीला समजते कशी? दुसरी शंका रोजच्या व्यवहारातली आहे. ते जनुक झाडाच्या प्रत्येक पेशीत आहे असे म्हणतात. मग फुलोऱ्यात डोमकळ्या (अळी आत असल्याने नीट न उमललेली फुले) दिसतात, वरून ठणठणीत दिसणारे बोंड फोडले तर सरकी पोखरून बसलेली गुलाबी अळी निघते, ती जगते कशी? २०१७ च्या हंगामात आमच्या शिवारात जे झाले ते आठवले की अजून पोटात खड्डा पडतो.

बोरीकाठ, अमळनेर

दादा, माझे शिक्षण कृषी शाखेचे आहे, म्हणून प्रयत्न करतो.

भाषेचे म्हणाल तर ती एकच आहे. नानांनी सांगितलेला तीन अक्षरांचा शब्दकोश जिवाणू, कपाशी, अळी आणि माणूस या सगळ्यांत जवळपास तोच आहे. किरकोळ अपवाद आहेत, आपल्या पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा एक, पण ते इथे आड येत नाहीत. फरक असतो तो बोलीचा. अक्षरे चार आणि शब्द तीन अक्षरांचे, म्हणजे शब्द ६४ होतात. त्यांतले तीन ‘थांबा’ असे सांगतात आणि उरलेले ६१ फक्त २० अमिनो आम्लांत वाटलेले आहेत, त्यामुळे एकाच अमिनो आम्लाला अनेक शब्द मिळतात. प्रमाण मराठीत ‘आहे’ म्हणा की अहिराणीत ‘शे’ म्हणा, अर्थ एकच. तसे जी-ए-जी म्हणा की जी-ए-ए, ग्लुटामिक आम्लच येते. मात्र कोणता शब्द सवयीचा, हे प्रत्येक सजीवाचे वेगळे असते. जिवाणूचे मूळ जनुक जसेच्या तसे वनस्पतीत घातले तेव्हा प्रथिन फारच कमी तयार झाले, कारण त्यात ए आणि टी या अक्षरांची गर्दी होती आणि वनस्पतीची यंत्रणा मध्येच ‘मजकूर संपला’ अशी समजूत करून घेत असे. १९९० च्या सुमारास शास्त्रज्ञांनी त्या जनुकाचे शब्द वनस्पतीच्या बोलीत बदलून लिहिले आणि अमिनो आम्लांचा क्रम मात्र तोच ठेवला. तेव्हा कुठे प्रथिनाचे प्रमाण अनेक पटींनी वाढले. आपल्याकडे मार्च २००२ मध्ये परवानगी मिळालेल्या बीटी कपाशीमागे ही पुनर्लेखनाची खटपट आहे.

तुमचा दुसरा प्रश्न अवघड आहे, त्याला एकच उत्तर नाही.

जनुक प्रत्येक पेशीत आहे म्हणून प्रथिन सगळीकडे आणि सतत सारखेच तयार होते असे नाही. जनुकाच्या आधी जो प्रवर्तक भाग जोडलेला असतो, त्यावर ते किती वाचले जाईल हे अवलंबून असते, आणि झाडाचे वय वाढत जाते तसे क्राय-१-एसी या बीटीच्या अळीनाशक प्रथिनाचे प्रमाण घटत जाते. कोवळ्या पानांत ते भरपूर असते, फुलांत आणि बोंडांत कमी भरते. गुलाबी अळी नेमकी उशिरा आणि नेमकी तिथेच येते.

शिवाय बोंडातली सरकी म्हणजे तुमच्या झाडाची पुढची पिढी आहे, हे आपण विसरतो. संकरित बियाण्यात हे जनुक बहुधा दोन पालकांपैकी एकाकडूनच आलेले असते. म्हणून त्या झाडाच्या फुलांचे स्वपरागीकरण झाले की प्रत्येक जनुकापुरते पाहता चारात एक सरकी त्याच्याविना निपजते. दोघेही सिकलसेलचे वाहक असलेल्या आई-वडिलांच्या प्रत्येक अपत्याबाबत चारात एक हे जे गणित सर वर्गात शिकवतात, तेच हे गणित. तिथे चारात एकाला दोन्ही प्रती सदोष मिळतात, इथे चारात एकीला एकही प्रत मिळत नाही. झाड बीटीचे असते आणि त्याच्याच बोंडातल्या काही सरक्या बिनबीटीच्या असतात. एका बोंडात अळीला दोन्ही प्रकारच्या सरक्या चाखायला मिळतात, म्हणजे विषाची मात्रा कमी पोटात जाते, थोडीफार सहनशक्ती असलेल्या अळ्या तग धरतात आणि पुढच्या पिढ्यांत त्याच वाढत जातात.

आणि सर्वांत मोठे कारण अळीच्या स्वतःच्या जनुकात आहे. क्राय प्रथिन अळीच्या आतड्यातील कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटते, तेव्हाच त्याचा मारा लागू पडतो. भारतातल्या शेतांतून गोळा केलेल्या प्रतिकारक्षम गुलाबी अळ्यांचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की त्यांच्यात कॅडहेरिनच्या आरएनएची कापाजोड वेडीवाकडी होते. कुठे आवश्यक तुकडाच गळतो, कुठे भलताच जोडला जातो, आणि तयार होणारे प्रथिन अर्धवट निघते. नाना म्हणाले ना, तो टप्पा गाळू नये. जी चूक माणसाच्या मुलाला थॅलेसेमिया देते, त्याच जातीची चूक या अळीला जीवदान देऊन गेली.

कापूसवाला, चोपडा

सरकीचे गणित वीस वर्षे कापूस लावूनही मला कुणी सांगितले नव्हते. आभार.

रावेरकर

थोडे केळीचेही. आमच्या बागांत पाने पिवळ्या पट्ट्यांनी चितारणारा जो रोग येतो, ज्याला आपल्याकडे हरण्या म्हणतात, तो कुकुंबर मोझॅक विषाणूचा. त्याच्यात डीएनए नसतोच असे वाचले होते. मग वरच्या चर्चेत तो बसतो कसा?

गिरणाकाठचे नाना

नीट बसतो. त्या विषाणूचा सगळा मजकूर तीन आरएनए-तुकड्यांत असतो आणि तो थेट संदेशवाहक आरएनएसारखाच वाचता येतो. माव्याच्या सोंडेतून तो केळीच्या पेशीत उतरला की केळीचेच रायबोझोम त्याची प्रथिने करू लागतात. चिठ्ठी कुणी लिहिली याची चौकशी रायबोझोम करत नाही, हे आपण सिस्टीनच्या प्रयोगात पाहिलेच आहे.

गोमाईकाठ (धागाकर्ता)

सर्वांचा मनापासून आभारी आहे. शनिवारच्या तासाला हा धागा छापून नेला. मुलांनी आणखी एक शंका काढली, ती ताईंसाठी: दोष जन्मापासून जनुकात असतो, तर सिकलसेलचे बाळ पहिले चार-पाच महिने बरे कसे असते? एका मुलाच्या घरचा हा अनुभव आहे. घरच्यांची पक्की समजूत आहे की आजार वरचे अन्न सुरू केल्याने झाला, आणि त्यावरून आईला अजून बोल लावले जातात.

पांझराकाठची

सर, त्या आईला कृपया सांगा की अन्नाचा याच्याशी संबंध नाही.

पोटातल्या बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते. त्यात बीटा साखळीऐवजी गॅमा साखळी असते, आणि तिचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर बीटाच्या शेजारीच असते. जन्माच्या सुमारास गॅमाचे वाचन मंदावत जाते आणि बीटाचे वाढत जाते. जोवर पेशींत गॅमाचे हिमोग्लोबिन पुरेसे आहे, तोवर बिघडलेल्या बीटाचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोर बनवू शकत नाहीत. पाच-सहा महिन्यांत ही अदलाबदल बरीचशी होऊन जाते, दुखणे दिसू लागते, आणि नेमके तेव्हाच घरात पेज-भात सुरू झालेला असतो.

हायड्रॉक्सियुरिया हे औषध रुग्णांना देतात, त्याचा एक मोठा फायदा हाच की ते गॅमाचे हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेल्या जनुकसंपादनाच्या उपचारातही बीटाच्या चुकीच्या अक्षराला हात लावलेला नाही. गॅमाचे वाचन बंद ठेवणारे बीसीएल-११-ए नावाचे एक प्रथिन आहे. ते रक्तपेशींत तयार होऊ नये अशी व्यवस्था केली की गॅमाचे जनुक पुन्हा बोलू लागते. तो उपचार फार महागडा आहे आणि आपल्या रुग्णांपासून दूर आहे. गोळी मात्र दूर नाही, तेव्हा ज्यांना सुरू आहे त्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.

गोमाईकाठ (धागाकर्ता)

निरोप त्या घरी पोहोचवला. आई काही बोलली नाही. आजीने मात्र ‘शेजारचे जनुक’ म्हणजे काय ते मला दोनदा समजावून सांगायला लावले.

वर्गातले तेवढे सांगतो. नानांनी दिलेली सुरुवातीची अक्षरे आम्ही आरएनएऐवजी डीएनएच्या रूपात, म्हणजे यूच्या जागी टी घालून, फळ्यावर एका ओळीत मुद्दाम न तोडता लिहिली. त्या नातेवाइकाच्या अहवालात ‘विसावे अक्षर, एचे टी’ अशी नोंद होती, तिचा अर्थ मला तोवर लागला नव्हता. विद्यार्थिनी पुढे आली, ओळीवर बोट ठेवून एकेक अक्षर मोजत गेली आणि विसाव्यावर थांबली. ते जी-ए-जी या सातव्या शब्दातले मधले ए निघाले. तिने ते करंगळीने पुसले आणि तिथे टी लिहिला. आजूबाजूच्या अक्षरांना धक्काही लागला नाही.

मी विचारले, “एकविसावे अक्षर बदलून जी-ए-जीचे जी-ए-ए झाले असते, तर?” कोपऱ्यातल्या बाकावरून उत्तर आले, “तर ‘आहे’चे ‘शे’ झाले असते, सर.”